उत्तरेची भिंत

सिगवार्त नेसहाइम यांना ते पत्र बहुधा सकाळी, दाढी करताना आठवायचं. नॉर्वेतल्या स्काल्लेविक गावच्या चर्चमंडळाचं पत्र. मजकूर साधा होता. प्रार्थनेनंतर मंडळींना कॉफीला बसता यावं म्हणून चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला लागून एक लहान खोली काढावी असं मंडळाच्या मनात आहे, पण इमारतीचे आर्किटेक्ट आपण, तेव्हा आपली संमती कळवावी. पत्र आलं तेव्हा सिगवार्तच्या डोक्यावर काळे केस होते. आता पांढरेही फारसे नव्हते. उत्तर मात्र अजून द्यायचं राहिलं होतं.

नकार द्यायचा होता असं मुळीच नाही. पहिल्या मसुद्यात त्यांनी छपराच्या उताराबद्दल लिहिलं. दुसऱ्यात, उताराबद्दल इतकं लांबलचक लिहिल्याबद्दल माफी मागितली. तिसऱ्यात दोन्ही नको म्हणून काहीच लिहिलं नाही. मग त्यांनी मनाची समजूत घातली: आपण गप्प आहोत म्हणजे आपली हरकत नाही, हे कोणालाही कळेल. बांधून मोकळे होतील बिचारे.

एका प्राध्यापकांनी उत्तरेच्या त्या कोऱ्या भिंतीबद्दल मोठा लेख लिहिला होता. ईश्वरापुढे माणसाची वाचा कशी खुंटते ते म्हणे त्या भिंतीतून दिसतं. सिगवार्तनी तो लेख वाचून कपाटात ठेवून दिला. तिथे खोली का नाही, याचं खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रार्थना संपली की हातात कप घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं आणि हवापाण्याबद्दल बोलायचं, ही शिक्षा त्यांनी लहानपणापासून भोगली होती. म्हणून त्यांनी चर्चचा आराखडाच असा केला, की शेवटचा आशीर्वाद झाल्यावर माणूस थेट बाहेर पडेल. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी ठामपणे केली होती.

चर्चच्या वर्धापनदिनाचं आमंत्रण आलं. त्यालाही उत्तर गेलं नाही. पण त्या रविवारी ते बर्गनहून बस पकडून निघाले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाकं अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

आशीर्वाद झाला. मंडळींनी कोट चढवले, टोप्या कानांवर ओढल्या आणि ती बाहेर गेली. सिगवार्तही निघाले, आणि दारातच थबकले. कोणी घरी गेलं नव्हतं. उत्तरेच्या भिंतीच्या आडोशाला, बोचऱ्या वाऱ्यात सगळे दाटीवाटीने उभे होते. एक धिप्पाड म्हातारी गाडीच्या डिकीतून थर्मास काढत होती. तिचं नाव गुडलाउग, हे त्यांना लवकरच कळलं, कारण सगळे तिलाच हाका मारत होते.

"अहो, लांब काय उभे? घ्या कॉफी. पटकन प्या, निवते."

"तुम्ही बाहेर का पिता?" सिगवार्तनी कपाकडे बघत विचारलं.

"आर्किटेक्टला कॉफीचं वावडं आहे. आम्ही खोलीसाठी विचारलं होतं. नाही म्हणाला."

"नाही... म्हणाला?"

"उत्तरच दिलं नाही. एवढा शिकलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणजे आणखी स्पष्ट काय सांगायचं राहिलं?"

"पुन्हा विचारलं नाहीत?"

"एकदा विचारलं ना," बाजूला उभा असलेला चर्चचा सेवक आनफिन म्हणाला. "दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे हात धुऊन मागे लागणं. तसली माणसं नाही आम्ही."

आसपासच्यांनी माना डोलावल्या. तसली माणसं ते खरंच नव्हते. मंडळाच्या दर बैठकीत 'आर्किटेक्टच्या उत्तराची प्रतीक्षा' हा विषय निघायचा आणि प्रतीक्षा करायचं ठरायचं.

"आता प्रतीक्षाही संपली म्हणा," गुडलाउग म्हणाली. "वसंतात बिशपच्या कचेरीचा माणूस येणार. आमचं आणि शेजारच्या नेब्बा गावाचं, दोन्हींपैकी एकच चर्च राहणार. नेब्बाला गरम खोली आहे, गाद्या आहेत, केक असतो. गुडघे दुखणारे सगळे तिकडे पळाले. देव दोन्हीकडे तोच आहे ना."

सिगवार्तनी वर छपराकडे पाहिलं. त्यांच्या हातून एवढंच एक चर्च उभं राहिलं होतं.

"त्याला कदाचित छपराचा जोड जमला नसेल," ते पुटपुटले. "मुख्य उतार खाली खेचला तर खोलीची खिडकी बुटकी होते. वेगळं छप्पर दिलं तर दोन छपरांमधल्या खोबणीत बर्फ साचतो."

गुडलाउगने थर्मास खाली ठेवला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

सिगवार्तनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली. आनफिनने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गुडलाउग, तू ज्याला शिव्या घालत होतीस ना, त्यालाच कॉफी पाजली आहेस."

"शिव्या कुठे घातल्या? कॉफीचं वावडं आहे म्हटलं. तेवढं मागे घेते, कप रिकामा झालाय."

सगळे हसले. सिगवार्तचे कान तापले. "माझी काही हरकत..."

"थांबा," आनफिन म्हणाला. "असं कॉफी पिता पिता नको. आम्ही लेखी विचारलं होतं, उत्तर लेखी हवं. नाहीतर बैठकीत काय दाखवू, तुमचा कप?"

"कळवतो मग," सिगवार्त म्हणाले. तोंडून जायला नको होतं, पण गेलं.

"झालं," गुडलाउग म्हणाली. "माझ्या पणतीच्या लग्नापर्यंत येईल उत्तर. ती अजून रांगतेय."

घरी येऊन त्यांनी लिहायला घेतलं. उताराबद्दल एक पान झालं. पन्हळीबद्दल दुसरं सुरू होताच हात थांबला. वाऱ्यात उभी राहिलेली ती माणसं आठवली. त्यांना उतार नको होता, बसायला जागा हवी होती. दोन्ही पानं त्यांनी चुलीत घातली आणि नव्या कागदावर लिहिलं: 'खोली बांधावी. छप्पर वेगळं घ्यावं. बर्फ साचेल, तो काढावा. खिडकी बसलेल्या माणसाला खाडीचं पाणी दिसेल एवढी खाली असावी.' वाचून बघितलं. फार उद्धट वाटलं. 'कृपया' घालावं का, यावर बराच वेळ गेला. घातलं नाही. 'कृपया' आलं की मागोमाग माफी आली असती, आणि माफीच्या पाठोपाठ उतार.

टपालपेटीपाशी पाकीट फटीत अर्धं सरकवून ते उभे राहिले. खिडकी जास्तच खाली सांगितली का? मागे एक बाई कुत्र्याला घेऊन थांबली होती.

"टाकताय, की मी आधी टाकू?"

"तुम्ही टाका आधी," सिगवार्त म्हणाले आणि पाकीट बाहेर ओढून घेतलं.

बाईने आपलं पत्र टाकलं आणि ती निघून गेली. कुत्र्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मग सिगवार्तनी पाकीट पुन्हा फटीत घातलं, आणि या वेळी सोडलं.