समासातल्या बाई

लहानपणी ती घरातलं चालू घड्याळ उघडून बंद पाडायची, म्हणून तिचं नाव पडलं खुडबुडी. पुढे ब्लॉग सुरू केला तेव्हा नावासाठी फार डोकं खाजवावं लागलं नाही. 'खुडबुड' हेच ठेवलं. दिवसा ती एका कंपनीत कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. त्या कुणी उघडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उरलेल्या वेळात ब्लॉग: जुने फोन, नवे फोन, बंद पडलेली मासिकं, इंटरनेटवर लिहिणाऱ्यांच्या तऱ्हा. अकरा वर्षं हे चाललं होतं. वाचकांचा आकडा रोज दिसायचा, पण डोळ्यांनी पाहिलेला वाचक एकही नव्हता.

तिची वहिनी दातांची डॉक्टर. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळघरात, तिथे फोनला रेंज नावालासुद्धा नाही. बाहेरच्या खोलीत मासिकांचा एक ढीग होता. त्यातली दोन मासिकं केव्हाच बंद पडली होती आणि सगळ्यात ताजा अंक चार वर्षांपूर्वीचा, तोही कव्हर फाटलेला.

"वन्सं," एकदा वहिनी म्हणाली. या शब्दात ती मान कमी आणि खोडी जास्त घालायची. "पेशंट भिंतीकडे बघत बसतात. आत यंत्राची घरघर सुरू झाली की अर्धेजण पळ काढतात. तू एवढं लिहितेस, ते छापून दे की."

"मासिकांचा जमाना संपला, असं मी तीनदा लिहिलंय."

"मग तेच छाप."

खुडबुडी दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी तिनं निवडक बारा लेख काढले, घरच्या प्रिंटरवर छापले, पानं मधोमध दुमडली. स्टेपलरचं तोंड मधल्या घडीपर्यंत पोचेना, तेव्हा सुईदोऱ्यानं अंक शिवले. सहा प्रती झाल्या. त्या तिनं दवाखान्यातल्या टेबलावर पंख्यासारख्या मांडल्या, दोन पावलं मागं सरून पाहिल्या, आणि उगीचच लाजली.

पुढच्या आठवड्यात ती गालावर रुमाल धरून पेशंटांत जाऊन बसली. वाचक कसा असतो ते बघायचं होतं. एका गृहस्थाचा गाल पुरीसारखा फुगला होता. तो वाचता वाचता हसला, 'ओय ओय' करत जबडा धरून बसला, आणि पुन्हा तेच पान वाचून पुन्हा हसला. खुडबुडीला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्याच्या शेजारणीनं मात्र अंक शेवटून उघडला, आणि ज्या लेखासाठी खुडबुडीनं तीन रविवार घातले होते तो एका बोटानं उलटून टाकला.

सगळे गेल्यावर तिनं प्रती चाळल्या. ब्लॉगवरून उचललेल्या मजकुरात एका ठिकाणी 'अधिक माहितीसाठी इथे टिचकी मारा' हे वाक्य तसंच राहून गेलं होतं. शेजारी पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, 'मारली. काही झालं नाही.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मी पण मारली. कागद फाटला.' खुडबुडी एकटीच खो खो हसत सुटली. वहिनी हातमोज्यांसकट बाहेर आली.

आणखी एका लेखाच्या समासात हिरवी शाई होती. लेख जुन्या, तबकडी फिरवायच्या फोनवरचा. खुडबुडीनं लिहिलं होतं की एक फिरवला की एक ठोका जातो, नऊला नऊ, आणि शून्याला एकही नाही. बाजूला बारीक, ताठ अक्षरात होतं: 'चूक. शून्याला दहा ठोके. एकही गेला नाही, तर कुणी बोट घातलंय हे यंत्राला कळायचं कसं?'

तिच्या कानाची पाळी लाल झाली. हा लेख ब्लॉगवर सहा वर्षं होता. खाली शेहेचाळीस जणांनी 'खूप छान' लिहिलं होतं. शून्याकडे एकाचंही लक्ष गेलं नव्हतं.

"हिरवं पेन कोण वापरतं गं?" तिनं विचारलं.

वहिनीला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "कवळीवाल्या आजी. कवळी टोचते म्हणून चौथ्यांदा आल्यात. अगं, कवळी अशी बसलीय की मलाच माझं कौतुक वाटतं. मी आत बोलावते, तर म्हणतात, 'आधी त्यांना घ्या, मला घाई नाही.'"

पाचव्यांदा त्या आल्या तेव्हा खुडबुडी शेजारच्या खुर्चीत तयारच होती. आजी सत्तरीच्या, काटक. पिशवीतून चष्मा काढला, पेन काढलं, आणि परीक्षेला बसल्यासारखा अंक पुढ्यात घेतला.

"बरं लिहिलंय का?" खुडबुडीनं सहज विचारल्यासारखं केलं.

"हात बरा आहे. पण बाई घायकुतीला येते. शेवट दिसला की गोठा दिसलेल्या गाईसारखी पळत सुटते."

"बाईनंच लिहिलंय, हे कशावरून?"

"पुरुष असता तर मध्ये तीनदा स्वतःची पदवी सांगितली असती."

खुडबुडीला हसू आवरेना. तिनं गालावरचा रुमाल काढला आणि सांगून टाकलं, "आजी, ती बाई मीच."

आजी ओशाळल्या बिशाळल्या नाहीत. चष्म्यावरून तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मग तर बरंच झालं. पान सात काढ."

पान सातवरच्या तबकडीच्या फोनवरून गोष्ट आजींवर आली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली होती. हातात वंगणाची बाटली आणि ब्रश घेऊन त्या यंत्रांच्या रांगांमधून फिरायच्या.

"तुम्ही लिहा ना यावर," खुडबुडी म्हणाली. "मी छापते. ब्लॉगवरही टाकते."

"मला नाही येत लिहायला. कोरा कागद पाहिला की माझं डोकंही कोरं होतं. दुसरा चुकला, की मग मला लिहिता येतं."

त्या एवढं बोलून आत गेल्या. खुडबुडी मात्र ते वाक्य घेऊन घरी आली.

पुढच्या अंकासाठी तिनं एक्सचेंजवर चार पानी लेख लिहिला, तोही मुद्दाम चुकांनी खचाखच भरलेला. यंत्रं आवाज करत नसत, असं लिहिलं. ती आपोआप चालत, माणसांना काही काम नसे, असंही ठोकून दिलं. एवढं खोटं लिहिताना तिचा हात अडखळत होता, पण मजाही येत होती. आणि समास ठेवले चांगले चार बोटं रुंद. ही प्रत तिनं टेबलावर न ठेवता वहिनीकडे दिली. आजी आल्या की त्यांच्याच हातात द्यायची.

आजींनी प्रत सरळ घरी नेली. तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा समास हिरवेगार झाले होते, ओळींच्या मधल्या जागाही सुटल्या नव्हत्या. 'आवाज नव्हता? हजार माणसं एकदम विणायच्या सुया आपटतायत, असा आवाज! कुठल्या रांगेतला कोणता स्विच अडकलाय, ते मी डोळे मिटून सांगायचे.' पुढे एके ठिकाणी: 'नवी यंत्रं आली आणि आमची बंद केली, त्या दिवशी सगळं एकदम शांत झालं. मी आणि माझी मैत्रीण तरी एकमेकींशी ओरडूनच बोलत होतो, सवयीनं.'

खुडबुडीनं आपला लेख काढून फेकला आणि समासातलं तेवढं ओळीनं टंकून काढलं. जोडायला स्वतःचा एक शब्दही घालावा लागला नाही. मग छापील पानं घेऊन ती आजींच्या घरी गेली.

"एवढ्या चुका एका लेखात कुणी करत नाही," दार उघडता उघडताच आजी म्हणाल्या. "चौथ्या ओळीतच ओळखलं मी तुला."

"मग लिहिलंत कशाला?"

"मुद्दाम केलेली असली तरी चूक ती चूकच. सोडवेना."

त्यांनी पानं घेतली. आपलं नाव वर छापलेलं पाहून त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत गेल्या. वाचून झाल्यावर पानं मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिल्या. खुडबुडीनं खिडकीबाहेर बघायचं काम अंगावर घेतलं.

"आणखी एक प्रत दे," थोड्या वेळानं आजी म्हणाल्या. "लेखात मैत्रीण आहे ना, तिच्यासाठी. तिला आता दिसत नाही. आपण वाचून दाखवू."

रविवारी दोघी गेल्या. मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहत होती. लेक बाजारात गेली होती. मैत्रीण आजींच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट शांत. आजी मोठ्यांदा वाचू लागल्या. लेखात वंगणाचा वास आला तशी मैत्रिणीची मान हलू लागली, रांगांचे नंबर आले तसे तिनं पुढचे नंबर स्वतःच म्हटले. मग तो शेवटचा दिवस आला.

"थांब," मैत्रीण म्हणाली. "ओरडून तू बोलत होतीस. मी बोललेच नाही."

"काहीतरीच! मला चांगलं आठवतंय."

"तू पाठमोरी होतीस. पटपट ब्रश पुशीत होतीस आणि बडबडत होतीस. मी तिकडे स्विचावर हात ठेवून रडत होते. अजून गरम होता तो."

आजींचं वाचणं थांबलं. चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला, पुन्हा लावला. "मला सांगितलं नाहीस कधी," त्या म्हणाल्या.

"तू कधी विचारलंस?"

खुडबुडी चहा करायला उठली. परक्या स्वयंपाकघरात साखर सापडेना. तिनं चार डबे उघडले, दोन पाडले. बाहेरून मैत्रिणीचा आवाज आला, "वरच्या फळीवर गं, निळ्या झाकणाचा." आणि मग, आजींना, "हं, पहिल्यापासून वाच. आणि जरा हळू. मला सगळं ऐकायचंय."