पासिंग झालेली गाडी

"तुम्ही गाडीखाली वाकलेच नाई, साहेब. दोन्ही वेळा खोटं लिहून देलं."

बुधरीनं दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून साहेबांचाच पेपरवेट उचलून त्यांच्यावर ठेवला. एक कागद पासिंगचा, म्हणजे गाडी रस्त्यावर धावायला लायक आहे असं सांगणारा. दुसरा अपघातानंतरच्या तपासणीचा. दोन्हींच्या खाली सही एकच, शेपटी वर वळलेली.

तिच्या मागे पवन उभा होता. तिच्या भावाचा मुलगा आणि गावाच्या जीपचा ड्रायव्हर. त्याच्या हातातल्या तिसऱ्या कागदावरही तीच सही होती. निष्काळजीपणे वाहन चालवून अपघात केला म्हणून तुझं लायसन्स रद्द का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत दे, असं त्यात लिहिलं होतं. आज सातवा दिवस.

"मावशी, खुलासा लेखी असतो," साहेब मोबाइलमध्येच बघत म्हणाले. "बाहेर आवक-जावकला द्या, शिक्का घ्या आणि जा."

"लेखी देऊन आलो. शिक्काबी घेतला."

"मग झालं की."

"कायचं झालं? लेखी तुम्ही वाचता का नाई, मले काय मालूम. म्हणून तोंडी सांगाले आलो."

साहेबांनी मान वर केली. दारात नानाजी उभा होता. पासिंगच्या गाड्यांचे कागद आत-बाहेर करणारा हा दलाल कचेरीत असा वावरायचा, की नवखा माणूस त्यालाच साहेब समजायचा. तो हसून म्हणाला, "बाई, साहेबासंगं असं बोलते का कोणी? जंगलात राहून राहून वाघासारखी झाली का तू?"

"वाघ बरा, बापा," बुधरी मागे न वळता म्हणाली. "तो सही करून खात नाई."

रांगेतलं कोणीतरी खोकल्याआड हसलं.

जीप येरमेगुड्याच्या ग्रामसभेची होती. तेंदूच्या दोन हंगामांच्या कमाईतून गावानं ती जुनीच पण घेतली, कारण गावातल्या नऊ मुली आठवीच्या पुढे गेल्या होत्या आणि शाळा चौदा किलोमीटरवर. एसटी पावसाळ्यात जी गडप व्हायची ती दिवाळीपर्यंत दिसायची नाही. गाडी चालवता येणारा गावात एकटा पवन. मुलींसोबत कोणी बाईमाणूस पाहिजे असं ग्रामसभेत ठरलं, तेव्हापासून रोज सकाळी पुढच्या सीटवर बुधरी बसायची. पवनचं लायसन्स गेलं की जीप उभी, आणि जीप उभी राहिली की नऊ मुली घरी. मग त्यांच्यासाठी स्थळं यायला लागणार. हे गणित गावात कोणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं.

पासिंगच्या आधी पवननंच सांगितलं होतं की ब्रेकचं पेडल मऊ लागते. तेव्हा त्यांनी दोन गॅरेजं केली. पहिलं तालुक्याचं, फरशी बसवलेलं, भिंतीवर देवाचे चार फोटो. तिथल्या माणसानं सतरा कामांची यादी काढून दिली, सीट कव्हरपासून आरशापर्यंत. बुधरीनं ब्रेकचं विचारलं तर त्यानं पायातली चप्पलही न काढता पेडल दोनदा दाबलं आणि म्हणाला, "चालते."

दुसरं गॅरेज नानाजीनं सांगितलेलं, त्याच्या साळ्याचं. त्यानं चारही चाकांना काळा रंग मारला. चाकं अशी चमकायला लागली की मुलींनी त्यात तोंड पाहिलं. ब्रेकचं विचारलं. तोही म्हणाला, "चालते ना, बाई. पासिंगपुरतं चालते."

मग पासिंग. त्या दिवशी साहेब झाडाखालच्या खुर्चीतून उठले नाहीत. जीप त्यांच्यासमोर आणून उभी केली. त्यांनी हॉर्न वाजवायला सांगितला. कागदावर तीन सूचना लिहिल्या. मागची रेडियमची पट्टी फिकी आहे, नवी लावावी. प्रथमोपचाराच्या डब्यातलं औषध मुदत संपलेलं आहे, बदलावं. हॉर्नचा आवाज कमी आहे, वाढवावा. गावानं तिन्ही सूचना तंतोतंत पाळल्या. सरकारचं म्हणणं होतं. पट्टी लाल भडक झाली, डब्यात नवी मलमपट्टी आली आणि हॉर्न असा झाला की नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली कुत्री भुंकायची. गाडी ओरडते किती, हे सरकारनं तपासलं. थांबते का, हे विचारायला कोणाला सवड झाली नाही.

आठव्या दिवशी नाल्याच्या उतारावर पवननं ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. खाली पूल, पुलाला कठडा नाही. बुधरीला फक्त त्याचे हात आठवतात. त्यानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि जीप वारुळात घातली. वारूळ फुटलं, मडगार्ड चेपलं, मुलींतल्या दीपालीचा हात कोपराजवळ मोडला. बाकीच्या आठ जणी आपापल्या पायांनी खाली उतरल्या. हात बांधायला डब्यातली नवी मलमपट्टी कामी आली, तेवढा सरकारचा उपकार.

जीप ठाण्याच्या आवारात नेली. तपासायला तेच साहेब आले. एक चक्कर मारली, वारुळाची माती बुटाला लागू नये म्हणून जरा लांबूनच. आणि लिहिलं : 'चारही चाके उघडून पाहिली. ब्रेक सुस्थितीत. यांत्रिक दोष नाही.' म्हणजे दोष उरला तो पवनचा.

गाडी सुटल्यावर बुधरीनं गॅरेज शोधायची रीतच बदलली. चांगलं गॅरेज कोणतं, हे विचारणं तिनं सोडलं. ट्रॅक्टरवाला दिसला, ट्रकवाला दिसला की ती विचारायची, "आलेली गाडी परत कोण पाठवते?"

तिघांनी एकच नाव घेतलं. "तो समय्या. सिरोंच्याच्या रस्त्यावर. पन त्याच्याकडं नका जाऊ, बाई. गिऱ्हाइकाशी भांडते तो."

जीप ट्रॅक्टरला बांधून त्यांनी तिकडेच नेली. समय्याच्या गॅरेजला पाटी नव्हती. टिनाचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली जमीन. नदीपलीकडून आलेला, मराठी तोडून तोडून बोलणारा म्हातारा.

"कोणाले दाखवून आले?"

पवननं दोन्ही गॅरेजं सांगितली.

"मंग तिकडंच जा."

बुधरी तिथल्या टायरवर बसली. "नाई जात."

समय्यानं तिच्याकडे पाहिलं, मग चप्पल काढली, आत बसून अनवाणी पायानं पेडल हळूहळू दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. पेडल आपोआप खाली जात राहिलं.

"आगदु," तो म्हणाला.

त्या भागात राहून एवढं तेलुगू बुधरीला येत होतं. थांबत नाही. दोन महिन्यांत या गाडीबद्दल कोणीतरी तिला पहिल्यांदा खरं बोललं होतं, आणि तिचे डोळे भरले याचा तिलाच राग आला.

समय्यानं पाना पवनच्या हातात दिला. "तुझी गाडी, तूच खोल. मी खोललं तर उद्या म्हणशीन, यानंच बिघडवलं."

चाक निघालं, पण आतला ड्रम निघेना. घासलेट ओतलं, हातोडी मारली, पुन्हा ओतलं. गंजानं जागा सोडायला अर्धी दुपार घेतली. ड्रम सुटला तेव्हा आतून ब्रेकचं तेल ओघळलं. ब्रेक ज्याच्या जोरावर चाकाला धरतो तो लायनर पार झिजून खालचे खिळे उघडे पडले होते, आणि होता तेवढाही तेलात भिजलेला. बुधरीनं बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"हे चाक दोन-तीन वर्षं कोनी खोललं नाई," समय्या म्हणाला.

तिनं साहेबांचा कागद त्याच्यापुढे धरला. पवननं वाचून दाखवला. 'चारही चाके उघडून पाहिली.' समय्यानं उरलेल्या तीन चाकांकडे बोट केलं. "तीबी खोल. पाहू साहेबाचा हात कुठी कुठी लागला."

कुठेच लागला नव्हता.

दोन दिवसांनी जीप तयार झाली. समय्यानं बुधरीला ड्रायव्हरच्या जागी बसवून पेडल दाबायला लावलं. जन्मात गाडी न चालवलेल्या बुधरीला पायाखाली दगड असल्यासारखं लागलं.

"हे लिहून देता का, भाऊ? पह्यले काय होतं ते?"

"माह्या लिवण्याले कोन विचारते," समय्या हात पुसत म्हणाला. जुने लायनर त्यानं पिशवीत घालून दिले. बुधरीनं ती पिशवी घरीच ठेवली. पार्ट दाखवले तर साहेब म्हणणार, भंगारातून उचलून आणले.

म्हणून आज ती नुसते कागद घेऊन आली होती.

"मावशी, गाडी फिट होती," साहेब आता आवाज चढवून म्हणाले. "तुमच्या पोराला चालवता आली नाही. एवढीच गोष्ट आहे."

"पासिंगले फिट होती?"

"होती."

"वारुळात गेल्यावर पाहली, तवाबी ब्रेक चांगले होते?"

"लिहिलंय ना तसं. वाचता येतं ना पोराला?"

"येते. त्यानंच वाचून देलं." बुधरीनं पेपरवेट उचलून जागेवर ठेवला आणि कागद पदराखाली घेतले. "मंग चला, साहेब. गाडी बाहेर उभी हाय. इथून नदीच्या पुलापर्यंत उतार हाय. पवन चालवते. तुम्ही पुढं बसा. माह्या जागेवर."

"मला कामं आहेत."

"हेच काम हाय तुमचं."

नानाजी मध्ये आला. "ए बाई, आता लई झालं."

"तू मांगं बस," बुधरी म्हणाली. "तुह्या साळ्यानं रंगवलेली चाकं हायेत."

या वेळी रांग खोकली नाही, उघड हसली. हातात फायली घेतलेली दहा-बारा माणसं दाराकडे सरकली. त्यातला एक ट्रकवाला म्हणाला, "जा ना, साहेब. पाच मिनिटाचं तं काम हाय." त्याच्या आवाजात आदर होता, आणि तो आदर साहेबांना झोंबला. खुर्ची मागे सारून ते तरातरा बाहेर आले.

जीप कडुलिंबाखाली उभी होती, डावं मडगार्ड तसंच चेपलेलं. पवन जागेवर बसला, त्यानं इंजिन सुरू केलं. कचेरीच्या फाटकापासूनच रस्ता खाली जायला लागायचा आणि थेट पुलावर उतरायचा. पुलापलीकडून एक भरलेला ट्रक वर येत होता.

साहेबांनी दार उघडलं. एक पाय पायदानावर ठेवला. पेडलकडे पाहिलं. मग उताराकडे. मग पुन्हा पेडलकडे. त्यांचा हात दारावरच राहिला.

इंजिन तेवढं बोलत होतं.

साहेब जरासे वाकले आणि फक्त पवनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ब्रेकचं काम करून घेतलं ना रे?"

पवननं तोंड उघडलं. बुधरीनं गोंडीत एकच शब्द टाकला आणि त्यानं ते मिटलं.

"कायचं काम, साहेब?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ब्रेक तं चांगले हायेत. तुमची सही हाय."

साहेबांनी पायदानावरचा पाय हळूच खाली घेतला. रुमाल काढला, कपाळावर नेला. मागे नानाजी कोणाशीतरी फोनवर बोलत असल्यासारखा लांब गेला.

बुधरी जीपच्या नाकासमोरून फिरून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिची मान त्यांच्या खांद्याशी येत होती.

"तुम्ही विचारून बसता, साहेब," ती म्हणाली. "आमच्या पोट्ट्यांनी कोणाले विचारून बसाचं होतं?"

साहेबांनी कचेरीच्या दाराकडे पाहिलं. दारात माणसं उभी होती, आणि त्यांतलं कोणीही बाजूला सरकत नव्हतं.

"सांगा ना, साहेब. कोणाले?"