सिक्स्टेनसाठी ठेवलेला रोल

मैलिसच्या ओव्हनमध्ये वेलदोड्याचे पाव कमी आणि लोकांच्या गाड्यांचे हेडलाइट जास्त भाजले गेले होते. तिचा नवरा स्टेलान त्या कामामुळे गावाचा लाडका. दिव्याच्या आत पाणी धरलं की लोक शनिवारी तो सोडवून घेऊन यायचे. स्टेलान तो दहा-बारा मिनिटं मंद आचेवर तापवायचा, कडेचा काळा गोंद मऊ झाला की पुढची काच अलगद सुटी करायचा, आतून पुसून, खाचेत नवा गोंद भरून परत बसवायचा. हा गोंद जाड दोरीसारखा रोलमध्ये मिळतो. पैसे तो घ्यायचा नाही, कौतुक मात्र पोटभर घ्यायचा. वीस वर्षं मैलिसने त्या लोकांना कॉफी पाजली आणि डांबराचा वास मारणारे पाव मुकाट्याने खाल्ले.

ऑक्टोबरात तिच्याच गाडीचा उजवा दिवा तपासणीत नापास झाला. आत पाणी. दुरुस्तीला एक महिन्याची मुदत, ती टळली तर गाडी रस्त्यावर आणायला बंदी. मैलिस एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची अंघोळ, औषधं, जेवण बघायची. जंगलात विखुरलेली अकरा घरं, आणि त्या उत्तरेकडच्या मुलखात नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधार. गाडी नसली की फेरी दुसरीला देणार आणि हिला वृद्धाश्रमात भांडी घासायला बसवणार, हे वरिष्ठ बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मैलिसने ते स्टेलानलाही सांगितलं होतं.

"शनिवारी बघू," तो म्हणाला.

तीन शनिवार लोकांचे दिवे बघण्यात गेले. चौथ्या शनिवारी तो गावच्या शिकाऱ्यांच्या टोळीबरोबर शिकारीला गेला. सोमवारी फेरतपासणी होती.

रविवारी सकाळी मैलिसने स्वतःच बंपर सैल केला, दिवा काढला, आतला बल्ब आणि कडेचे स्क्रू सोडवले, दिवा लाकडी फळीवर ठेवून ओव्हनमध्ये घातला. बघूनबघून सगळं पाठ झालं होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, काच जागची हलेना. तिने चष्मा लावून कड नीट बघितली. गोंद काळा नव्हताच, पांढरट होता. बाथरूमच्या खिडकीला लावतात ते सिलिकोन. तीन वर्षांपूर्वी हा दिवा स्टेलाननेच उघडून परत लावला होता. सिलिकोन तापवून सुटत नाही. कुणी तसला दिवा आणला की हाच हसायचा, 'सिलिकोन लावलं की दिवा मेला' म्हणायचा.

दुपारी तो चिखलाच्या बुटांनी आत आला.

"माझ्या दिव्याला खिडकीचं सिलिकोन लावलंस तू?"

"कधी?" त्याने दिव्याकडे पाहिलं. "हां, ते होय. अगं, तेव्हा रोल संपत आला होता. लोकांचे दिवे खोळंबले होते."

"आणि माझा?"

"तुझं काय, घरचीच गाडी." त्याने कॉफी ओतून घेतली. "तीन वर्षं टिकलं की."

तो खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. निदान लाज तरी दिसली असती.

तिने मासे साफ करायची बारीक सुरी घेतली आणि ते सिलिकोन कणाकणाने कापायला बसली. तीन तास लागले, अंगठा दोनदा कापला. खाच खरवडून स्वच्छ केली, मग स्टेलानचं कपाट उघडून नवाकोरा रोल काढला.

"तो सिक्स्टेनसाठी ठेवलाय, शनिवारी दिवा आणणार आहे तो," स्टेलान पेपरातून म्हणाला.

"ठेवला होतास."

तिने गोंद भरला, तापवला, काच दाबून चहूबाजूंनी चिमटे लावले. दिवा गार झाल्यावर नळाखाली धरला. आत थेंब गेला नाही.

सोमवारी तपासनिसाने दिव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "स्टेलानचा हात. लगेच कळतं."

"मी केलंय."

"हो का? मग छान शिकवलंय त्याने."

कागद मिळाला, फेरी वाचली. पण अकरा घरं होईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

शनिवारी सिक्स्टेन दिवा बगलेत मारून आला. हा स्टेलानचा शाळेपासूनचा दोस्त. मैलिसने कॉफी ठेवली. स्टेलान कपाटात बराच वेळ खुडबूड करत राहिला.

"मैलिस, रोल सगळाच वापरलास?"

"सगळा."

"आता याला काय लावू?"

"खिडकीच्या सिलिकोनची नळी आहे खाली," ती कप मांडत म्हणाली. "पण त्याला नको लावूस, स्टेलान. त्याच्याशी तुझं लग्न झालेलं नाही."