सगळ्यांत योग्य पर्याय

मॅनेजरच्या जागांसाठी कंपनी यंदा परीक्षा घेणार होती. निम्मा पेपर तर्काचा, निम्मा कामाच्या ठिकाणच्या प्रसंगांचा: एक अडचण, खाली चार पर्याय, त्यातला सगळ्यांत योग्य निवडायचा. रेणुका आणि गुरुबसव शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये सरावाला बसत. तर्कात ती पुढं. प्रसंगांत मात्र तिचं हमखास चुके.

"'बैठकीत सहकाऱ्याची चूक तुमच्या लक्षात आली,'" गुरुबसव वाचायचा. "काय करशील?"

"तिथंच सांगीन."

"चूक. बैठक सुटल्यावर बाजूला घेऊन सांगायचं. तू मॅनेजर झालीस तर आर्धा कारखाना पळून जातोय बघ."

"आन तू झालास तर कुणाचं काय चुकलं, ते मरंस्तोवर कळायचं न्हाई. कामून हसायलास?"

नौबादजवळच्या त्या औषध कारखान्यात तिला सगळे अक्का म्हणत. वयानं मोठे सुपरवायझरसुद्धा. एकटा गुरुबसव पहिल्यापासून रेणुका म्हणत आला. या सीमाभागात पुरुषानं बाईला अक्का म्हटलं की ती थोरली बहीण होते, मग दुसरं काही होता येत नाही. तो का म्हणत नाही हे तिला न सांगताच कळलं होतं.

हुलसूरला तिनं घरी लग्नाचं सांगून टाकलं होतं. वडील, उद्धवराव, बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "त्येंची जात येगळी, भाषा येगळी. त्येच्या घरच्यांनी येऊन इचारलं तर बघू. आपून जायाचं न्हाई." तेव्हापासून सगळं गुरुबसवच्या एका वाक्यावर अडलं होतं.

"रविवारी घरी चल," एकदा तोच म्हणाला. "आईला तुझ्यासमोरच सांगतो."

मन्नाएखेळ्ळीला त्याचं घर हमरस्त्यापासून आत होतं. ओसरीवर त्याची आई, सावित्रम्मा, शेजारच्या दोन बायांबरोबर तूर निवडत बसली होती. तिनं रेणुकाकडं पाहिलं, मग मुलाला कन्नडमध्ये विचारलं, "कोण रे ही?"

बायांचे हात थांबले.

गुरुबसवनं आईकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं. पर्याय वाचताना चावायचा तसा खालचा ओठ चावला.

"अक्का," तो म्हणाला. "आमच्या हपीसातली."

तो कन्नडमध्येच बोलला होता. रेणुकाला कन्नड येत होतं. नसतं आलं तरी तो शब्द दोन्हीकडं एकच. कारखान्याच्या लॅबमध्ये ब्युरेटच्या नळीतून एक थेंब जास्त पडावा आणि अख्खा फ्लास्क गुलाबी व्हावा, तसं झालं. तो थेंब परत काढता येत नाही.

सावित्रम्माचा चेहरा उजळला. "बस गं बाई, बस. मला लेक न्हाई बघ." आता ती मराठीत बोलत होती. तिनं शेंगाची पोळी वाढली, वर तूप ओतलं. "तू तरी सांग तुझ्या भावाला. पोरी बघाया चल म्हणलं की परीक्षा हाय म्हणतो. तुझ्या ओळखीत हाय का कुणी, आमच्यातली?"

"बघते," रेणुका म्हणाली.

हात धुवायला ती मोरीकडं गेली तसा तो मागं आला. "बाया होत्या गं. त्यांच्यासमोर कसं बोलणार? आईला एकटीला गाठून सांगतो. नुसता एक शब्द तर गेला तोंडातून."

"काय सांगशील? अक्काशी लग्न करतो म्हणून?"

त्यानं ओसरीकडं वळून पाहिलं. तिनं नळ बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

निघताना सावित्रम्मानं तिला कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली. "पंचमीला यायचं. लेकी म्हायेराला येत्यात तसं. हा येईल न्यायला." मग मुलाकडं वळली, "मुक्यासारखा काय उभा ऱ्हायलास? तू बोलाव की. भावानं बोलवावं लागतं."

बाया कौतुकानं बघत होत्या. रेणुकानं ओटीचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आत्ताही तो काही वेगळं म्हणू शकत होता. तिनं वर पाहिलं.

"ये, अक्का," गुरुबसव म्हणाला.

या वेळी त्याला ओठ चावावा लागला नाही.