बिनशब्दाचा सूर

प्लंबरबाईचा देवावर काडीचाही विश्वास नव्हता, आणि हे ती कुणापासून लपवतही नव्हती. बापाने वाढवलंच तसं होतं. तरी दर आठवड्याला हातावरचं ग्रीस घासघासून धुवायची आणि प्रार्थनाघरात गायला जायची. तीही पहिल्या रांगेत! भाऊ चिडवायचा, "काय गं, म्हातारपणी देवाच्या नादी लागलीस?"

"देवाच्या नाही रे, माणसांच्या. तुझ्या का पोटात दुखतंय?"

सगळं सुरू झालं ते तिथल्या गळक्या नळावरून. नळ दुरुस्त करायला गेली, गाणं कानावर पडलं, आणि बाई पाना हातात धरून उभीच राहिली. एवढं लांबलचक गाणं मध्ये कुठेच तुटत कसं नाही? मग कळलं. शेजारणीने श्वास घेतला की आपण सूर धरून ठेवायचा, आपण घेतला की तिने. पुढच्या आठवड्यापासून बाईही रांगेत उभी राहू लागली, आणि तिच्या शेजारी आल्या बेकरीवाल्या काकू. दम्याने बेजार! त्यांच्यासाठी बाई छाती फुटेस्तोवर सूर धरायची. पुढे जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला, तेव्हा याच मंडळींनी आळीपाळीने येऊन तिची भांडी घासली, तिला अंघोळ घातली. विश्वास आहे का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

विचारलं ते प्रार्थनाघराच्या नव्या प्रमुखांनी. गाण्याची शेवटची ओळ, 'तू आहेस, हे मी मानते', प्रत्येकीने पाळीपाळीने एकटीने म्हणायची असे. बाईची पाळी आली की ती नुसता सूर धरायची, शब्द नाही. बाकीच्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. प्रमुखांना मात्र ते चांगलंच खुपलं. मोठ्या प्रार्थनेच्या दिवशी त्यांनी तिला सगळ्यांदेखत हटकलं.

"आज शब्द म्हणा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तिची वाट बघणारी जगात एवढी एकच जागा उरली होती. चार-पाच शब्द तर म्हणायचे! कोण तपासायला येणार होतं?

"म्हणणार नाही," ती म्हणाली. "आणि जाणारही नाही."

"विश्वास नाही, तर येता कशाला?"

"या माणसांसाठी. बाहेर मी रोज थापा मारते. उद्या येते म्हणते आणि परवा उगवते. इथे आजवर एकदाही खोटं बोललेले नाही, आणि तुमच्यासाठी तर मुळीच बोलणार नाही. तुमचा देव असलाच, तर त्याला विचारा, खोटं चालेल का."

प्रमुख लालबुंद झाले. ते तोंड उघडणार, तोच काकूंनी बाईचा दंड धरला आणि इशाऱ्याची वाट न बघता गायला सुरुवात केली. रांगेने गाणं उचललं. प्रमुखांना बघत उभं राहण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

शेवटची ओळ आली. बाईने आपल्या पाळीला नेहमीसारखा नुसता सूर धरला, तोही मान ताठ ठेवून. मग काकूंची पाळी. त्या नेटाने निघाल्या, "तू आहेस, हे मी..." आणि दम तुटला. खोकल्याची उबळ आली. सगळे घाबरले. बाईने त्यांचा सूर लगेच उचलला आणि सोडला नाही. डोळ्यांत पाणी आलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, तरी ओढत राहिली, काकूंचा श्वास परत येईपर्यंत.

काकूंनी डोळे पुसले, प्रमुखांकडे रोखून पाहिलं आणि ठणकावून गायल्या, "मानते!"