गुरुवारची ऊब

सिक्स्टेनला जाऊन सोळा दिवस झाले होते आणि त्याची बायको गुन्वोर गुरुवारची वाट बघत होती. चर्चमधला निरोप आटोपला होता. दहन मात्र नंतर, भट्टीची पाळी लागेल तेव्हा होतं, आणि ते कधी, हे घरचे सहसा विचारत नाहीत. गुन्वोरने दहनगृहात फोन करून विचारलं. उत्तर आलं, गुरुवारी.

विचारायला कारण होतं. त्या भट्टीच्या धुरातली उष्णता वाया न घालवता गावातली घरं गरम ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपांत सोडतात, आणि तो जोड सिक्स्टेनच्याच हातचा होता. जोडून आला त्या संध्याकाळी म्हणाला होता, "थंडी थंडी करून आयुष्यभर डोकं खाल्लंस माझं. मेल्यावर एकदाच तुला अशी शेकीन, की बास म्हणशील!"

माणूस मोठा कंजूष. त्या गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या रेडिएटरची चावी अठरा अंशांपुढे फिरवू द्यायचा नाही. बेचाळीस वर्षं दोघं त्यावरून भांडली.

गुरुवारी सकाळीच तिने घरातल्या सगळ्या चाव्या पूर्ण उघडल्या आणि खुर्ची रेडिएटरला चिकटवून बसली. दहाच्या सुमारास सिक्स्टेनचा कामावरचा सोबती टुरे वेलचीचे पाव घेऊन आला आणि दारातच स्वेटर काढू लागला.

"अगं, काय हे! घरात केळी लावणार आहेस का?"

तिने कारण सांगितलं. टुरे कॉफी ढवळत म्हणाला,

"गुन्वोर, ते पाणी सगळ्या गावाला जातं. तुझ्या वाट्याला त्यातलं चमचाभर येणार."

"चमचाभर पुरे. जिवंतपणी तरी त्याने कुठे जास्त दिलं?"

दोघंही हसली. मग तिचे डोळे भरून आले, आणि ते टुरेने पाहू नये म्हणून ती उठून फोनकडे गेली.

"सिक्स्टेनचं झालं का हो?"

"एक मिनिट, बघते," पलीकडून दहनगृहातली मालिन म्हणाली. कागद चाळल्याचा आवाज आला. "अहो, त्यांचं तर परवाच झालं. मंगळवारी सकाळी. एक पाळी रिकामी झाली म्हणून आधी उरकून घेतलं. तुम्हाला कळवायला हवं होतं. चुकलंच आमचं."

गुन्वोरने फोन ठेवला. गुरुवारी घर नीटनेटकं असावं, म्हणून मंगळवारी तिने साफसफाई काढली होती. त्याच्या तंबाखूच्या वासाचे पडदे उतरवले, आणि सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. खिडकी उघडायची तर आधी रेडिएटर बंद करायचे, ही त्याचीच शिस्त. तिने एकूण एक चावी घट्ट आवळली होती.

"काय म्हणाली?" टुरेने विचारलं.

भिंतीला टेकून ती खालीच बसली.

"येऊन गेला रे तो. मंगळवारी," ती म्हणाली. "आणि मी त्याला घरात घेतलं नाही."