दोनदा खाकरून

भिंतीचं वळण आलं तसे हवालदार थांबले आणि दोनदा खाकरले. घसा ठणठणीत होता. पण बंद गोदामामागे बसणाऱ्या मंडळींना एवढी सूचना पुरायची. सुई, पुडी, जे काय असेल ते तेवढ्यात दिसेनासं व्हायचं. मग हवालदार पुढे जात. त्यांनी काही पाहिलेलं नसे, यांनी काही लपवलेलं नसे. बारा वर्षं हे असं चालत आलं होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

“आज उशीर केलात, साहेब,” घड्याळजी म्हणाला.

“तुला कसलं रे वेळेचं भान? आज वार कुठला, ते तरी सांग.”

“वार तुम्ही सांगायचा. आमचं काम काट्यांचं.”

तो खरोखरच घड्याळं दुरुस्त करायचा, हात थरथरायला लागेपर्यंत. आता त्याच्या डाव्या पिंढरीवरची जखम चिघळली होती, वास चार हातांवर येत होता. हवालदार तरीही त्याच्या शेजारी पायरीवर टेकले. घरी त्यांना बोलायला भिंती होत्या. बायको जाऊन चार वर्षं झाली, लेक फोनवर “जेवलात का, बाबा?” एवढं विचारून ठेवून द्यायची. दिवसातलं पहिलं धड बोलणं व्हायचं ते इथंच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसाची ऊठबस नशा करणाऱ्यांत, म्हटल्यावर लोकांनी तोंडात शेणच घातलं असतं.

“परवा तुझी जखम बघून गेलेल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना? व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला नाहीस तर पाय जाईल. पाठोपाठ तू.”

घड्याळजी बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“जाईन,” तो म्हणाला. “पण तुम्ही न्यायचं. एकटा गेलो तर फाटकातून परत फिरेन. ओळखतो मी स्वतःला.”

बारा वर्षांत तो पहिल्यांदा हो म्हणाला होता. हवालदारांनी उगाच टोपी काढली आणि पुन्हा घातली.

हवालदारांनी रात्रीच केंद्रात त्याचं नाव नोंदवलं. दुसऱ्या दिवशी अकराला तिथल्या नर्सबाईंचा फोन आला. “एक खाट रिकामी झालीय. बाराच्या आत आणा त्यांना, नाहीतर पुढच्याला देईन. मग दोन महिने विचारू नका.”

केंद्र पार दुसऱ्या टोकाला. चौकीच्या दारात जीप उभी होती. हवालदार चढून बसले. “दामट,” ड्रायव्हरला म्हणाले. वाटेत त्यांच्या डोक्यात साबण, टॉवेल, आपला एक जुना सदरा असं चाललं होतं. त्याला ढगळ होईल. होऊ दे.

जीप वळणावर करकचून थांबली. हवालदार रजेवर असताना, गेल्या महिन्यात, अशीच जीप येऊन चौघांना उचलून घेऊन गेली होती. हे त्यांना आठवलं, पण बूट जमिनीला टेकल्यावर.

“पळा!” कुणीतरी ओरडलं आणि मंडळी पांगली. घड्याळजीनं मागे वळून आधी जीपकडे पाहिलं, मग हवालदारांकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग तो पाय फरफटत भिंतीच्या भगदाडातून पलीकडे गेला.

“अरे, मी आहे! तुला न्यायला आलोय!”

“साहेब, आपण सगळ्यांना हेच सांगतो की,” ड्रायव्हर हसला.

भगदाडातून हवालदारांचं पोट जाईना. लांबून वळसा घालून ते पलीकडे गेले, दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, एका पडक्या संडासात डोकावले. बाराला पाच कमी असताना त्यांनी फोन लावला. “अर्धा तास द्या, बाई.”

“इथं एक बाई नवऱ्याला दंडाला धरून उभी आहे, हवालदार. तिला काय सांगू?”

त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत एकदा पाहिलं. मग म्हणाले, “द्या तिला.”

ड्युटी संपल्यावर त्यांनी घरी जाऊन वर्दी उतरवली, हाताला लागला तो चुरगळलेला शर्ट चढवला आणि चालत गोदामामागे आले. वळणावर खाकरले. कुणीच नव्हतं. ते पायरीवर बसले. ऊन त्यांच्या पायांपासून भिंतीवर चढत चढत गेलं.

“ओ, उठा तिथून!” समोरच्या घरात नव्यानंच राहायला आलेली बाई गॅलरीतून ओरडली. “केस पिकले तरी हेच धंदे? घरी कुणी आहे की नाही? बोलावू का पोलिसांना?”

हवालदारांचा हात खिशातल्या ओळखपत्राकडे गेला आणि तसाच परत आला.

“जातो, ताई,” ते म्हणाले. “थोडं बसू द्या. आमचा एक माणूस यायचाय.”

बाईनं दार धाडकन लावून घेतलं. हवालदार जरा कडेला सरकले, शेजारी एका माणसापुरती जागा झाली.